देऊळ नसलेली टेकडी

मध्यभारताच्या त्या वर्षांत सरकार उन्हाळ्यात इंदूरला असे आणि थंडी सुरू झाली की ग्वाल्हेरला जाई. सरकारबरोबर फायली जात, आणि फायलींबरोबर माझे वडील. होळकरी दफ्तरात लागलेला हा माणूस. राज्य गेलं, पाटी बदलली, तरी खुर्ची तीच राहिली, फक्त वर्षातून दोनदा रेल्वेनं हलू लागली. त्यामुळे आमच्या घरातले हिवाळ्यातले सगळे मोठे निर्णय टपालानं होत. माझ्या लग्नाचा निर्णयही तसाच व्हायचा होता.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कृष्णपुऱ्याजवळच्या भाड्याच्या घरात थंडीभर आम्ही तिघी असू: आई, मी आणि आत्या. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत तिचा नवरा गेला आणि तेव्हापासून ती आमच्याकडेच राहत होती. चाळिशीच्या आसपासची असावी. नक्की वय कोणी विचारत नसे, कारण तिच्या वयावाचून कुणाचं काही अडत नव्हतं.

कार्तिकात एक दिवस आईचे लांबचे मामा आले. त्यांच्या पिशवीत कायम दोन-तीन पत्रिका असत. या वेळी एकच होती.

"मुलगा हिरा आहे," मामा म्हणाले. "घराणं जुन्या शिलेदारांचं. गिरणीत रंगखात्यावर साहेब आहे. दोन वर्षं स्कॉटलंडला जाऊन कापड रंगवायचं शिकून आलाय. फक्त एक बात आहे."

"कोणती?" असं म्हणत आईनं पोह्यांची बशी त्यांच्यापासून जराशी लांब सरकवली.

"तो घरी येऊन मुलगी बघणार नाही. म्हणतो, खुर्चीवर बसून पोहे खाताना माणूस कळत नाही. मुलीनं रविवारी त्याच्याबरोबर एका टेकडीवर यावं. सोबत घरचं मोठं माणूस पाहिजे, ही अटही त्याचीच."

"कुठली टेकडी?"

"महूच्या पुढे आहे कुठेशी. तिला नाव नाही."

"वर देऊळ कोणाचं?"

"देऊळ नाही."

"मग आहे काय?"

मामांनी बशीकडे पाहत उत्तर दिलं, "काही नाही, म्हणे. तेच त्याला आवडतं."

आईला हे अजिबात पटलं नाही. देवासच्या टेकडीवर माणसं चढतात ती देवीसाठी. देवी नसेल तर चढणाऱ्याच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे, असा तिचा सरळ हिशेब होता. पण गिरणीतला साहेब आणि परदेशी शिक्षण हेही काही रोज दारात येत नव्हतं. तिनं ग्वाल्हेरला पत्र टाकलं. आठ दिवसांनी वडिलांचं उत्तर आलं. ते घरच्या पत्रातसुद्धा दफ्तरी भाषा सोडत नसत.

'प्रस्ताव वाचला. डोंगर चढण्याची अट असाधारण आहे. तथापि मुलाचे शिक्षण पाहता एक वेळ मान्य करण्यास हरकत दिसत नाही. सोबत जबाबदार व्यक्ती असावी. परत आल्यावर अहवाल पाठवावा.'

"जबाबदार व्यक्ती म्हणजे मी," आत्या पटकन म्हणाली. इतकी पटकन, की आईनं आणि मी दोघींनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"आणि शेजारी काय सांगायचं?" आई म्हणाली. "मुलगी दाखवायला जंगलात नेली म्हणून?"

"आवळीभोजन म्हणायचं. कार्तिकच आहे. आवळ्याखाली जेवायला गेलो, झालं."

"तिथे आवळा आहे का?"

"नसेल तर आपण नेऊ," आत्या म्हणाली. आणि खरोखरच तिनं पिशवीत दोन आवळे टाकले. धडधडीत खोटं बोलायला तिला आवडत नसे.

शनिवारी आम्ही राजवाड्याच्या बाजारात गेलो. आत्यानं स्वतःसाठी तपकिरी कॅनव्हासचे बूट घेतले. दुकानदारानं विचारलं, "बच्चे के लिए?" आत्या म्हणाली, "मेरे लिए," आणि तिथेच ते घालून चार पावलं चालून पाहिलं. मला म्हणाली, तूही घे. पण अंजिरी साडीखाली कॅनव्हासचे बूट मला मान्य नव्हते. मी नव्या नाजूक चपला घेतल्या. टेकडी ही काय चीज असते ते मला माहीत नव्हतं, पण बघायला येणारा मुलगा ही काय चीज असते ते माहीत होतं, आणि माझी सगळी तयारी त्याच्यासाठी होती.

रविवारी सकाळच्या गाडीला तो स्टेशनवर उभा होता. (पुढे हे 'हे' झाले, पण त्या दिवशी 'तो'च होते, म्हणून तसंच लिहिते.) खाकी अर्धी विजार, गुडघ्यापर्यंत लोकरीचे मोजे, लोखंडी नाल ठोकलेले बूट, पाठीवर पिशवी आणि गळ्यात दोरीनं अडकवलेला नकाशा. डब्यातल्या एका म्हाताऱ्यानं त्याला आदरानं जागा दिली आणि हळूच मला विचारलं, "जंगल महकमे के साहेब हैं क्या?"

गाडी सुटली तशी त्यानं आमची पिशवी पाहिली. पुऱ्या, बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं, रव्याचे लाडू.

"अहो, एवढं कशाला? मी सँडविच आणलेत. डोंगरावर हलकं खायचं असतं."

"तुम्ही हलकं खा," आत्या म्हणाली.

राऊ स्टेशन गेलं तेव्हा त्यानं आम्हाला स्कॉटलंडच्या टेकडीची गोष्ट सांगायला घेतली. ती उत्तरेला, अगदी एका बाजूला होती. नाव असं होतं की त्याला स्वतःला ते नीट म्हणता येत नव्हतं. त्यानं दोनदा प्रयत्न केला आणि दोन वेगवेगळी नावं ऐकू आली. मोठ्या प्रसिद्ध डोंगरांवर सगळे जातात. ही टेकडी तिथल्या लोकांनाही ठाऊक नव्हती. आधी आगगाडी, मग बस, मग सहा मैल चालत. जमीन भिजलेल्या स्पंजासारखी. पाय घोट्यापर्यंत आत जातो आणि बाहेर येतो तेव्हा बूट आत राहतो.

"आणि वरून काय दिसतं?" मी विचारलं. ते माझं त्या दिवशीचं त्याच्याशी पहिलं वाक्य.

"धुकं होतं."

"म्हणजे काहीच दिसलं नाही?"

"हाताची बोटंसुद्धा नाही." हे त्यानं अशा तोंडानं सांगितलं, की जणू त्याला बक्षीस मिळालं होतं.

"मग गेलात कशाला?"

तो विचारात पडला. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नसावा, किंवा सगळ्यांनीच विचारला असावा. तेवढ्यात आत्यानं तिसराच प्रश्न काढला. "एकटेच गेलात?"

"नाही. ज्यांच्या घरी मी राहायचो त्या बाईंनी नेलं. साठीच्या होत्या. त्या दर रविवारी कुठल्या ना कुठल्या टेकडीवर जायच्या."

"त्यांचे यजमान?"

"ते वारले होते. पुष्कळ वर्षं झाली."

"म्हणजे एरवी त्या एकट्याच जायच्या?"

"एकट्याच."

"आणि लोक काय म्हणायचे?"

"लोक म्हणायचे, आज हवा बरी आहे."

आत्या खिडकीबाहेर बघू लागली. 

महूच्या पुढच्या एका लहान स्टेशनावर आम्ही उतरलो. समोर गवताचं माळरान होतं आणि त्यापलीकडे एकामागे एक अशा तीन-चार टेकड्या. माझ्या डोळ्यांना सगळ्या सारख्याच. त्यानं नकाशा उघडला, होकायंत्र तळहातावर ठेवलं, गोल फिरला आणि म्हणाला, "ही!"

शेळ्या राखणारी एक बाई जवळच उभी होती. आत्यानं तिला तिच्याच बोलीत वाट विचारायला सुरुवात केली तर तो घाईनं म्हणाला, "आत्याबाई, विचारायचं नसतं. नकाशावरून काढायचं असतं. त्यातच मजा आहे."

ती मजा आम्ही दीड तास केली. आधी एक नाला लागला, तो नकाशात होता. मग दुसरा लागला, तो नकाशात नव्हता. मग घाणेरीचं रान लागलं. माझ्या अंजिरी पदराला प्रत्येक झुडपाची ओळख करून घ्यायची होती. कार्तिकातलं गवत कमरेएवढं उभं होतं आणि त्याची कुसळं साडीतून आत शिरून पोटऱ्यांना टोचत होती. तो पुढे, मधे आत्या, मागे मी. तो बोलत होता: दिशा कशी पकडायची, उतारावर पाऊल कसं टाकायचं. पण हे सगळं तो समोरच्या हवेला सांगत होता. एकदाही त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

वाटेत एक शेतकरी भेटला. त्यानं साहेबाच्या मोज्यांपासून टोपीपर्यंत नजर फिरवली आणि काळजीनं विचारलं, "कंई भिया, ढोर गुम ग्यो कंई?"

"नहीं, नहीं. ऊपर जा रहे हैं."

"ऊपर तो कंई नी."

"मालूम है."

शेतकऱ्यानं आत्याकडे पाहिलं. ती त्यातल्या त्यात शहाणी वाटली असावी. तिनं नकाशातल्या टेकडीच्या खुणा सांगितल्यावर त्यानं अंगठ्यानं उलट्या दिशेला दाखवलं आणि म्हणाला, ज्या डुंगरीचं तुम्ही म्हणताय ती ती आहे, ही नव्हे. साहेबानं नकाशा पाहिला. मग तो उलटा केला आणि परत पाहिला. "बरोबर," तो म्हणाला, "आपण मुद्दाम थोडा वळसा घालून आलो." शेतकरी हसला नाही, आत्याही हसली नाही. मी हसले, पण मी मागे होते, त्यामुळे त्याला दिसलं नाही.

खऱ्या टेकडीचा चढ सुरू झाला आणि माझ्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला. आत्या थांबली. तिनं पदराच्या टोकानं बांधून पाहिला, पण जमेना. तो वीस-तीस हात पुढे होता आणि खडकांचे प्रकार सांगत होता. हाक मारू का, असं आत्यानं डोळ्यांनी विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं. का, ते आता नीट सांगता येत नाही. मला बघायला आलेल्या माणसानं आपण होऊन बघावं, एवढंच बहुधा. दोन्ही चपला हातात घेऊन मी अनवाणी चढले. दगड तापले होते. एकदा काटा लागला, तो आत्यानं काढला.

वर पोचलो तेव्हा वारा असा आला की पदर दोन्ही हातांनी धरावा लागला. एका बाजूला माळवा, सपाट, काळ्या शेतांचे चौकोन, मधून जाणारी आमची आगगाडीची रेघ. दुसऱ्या बाजूला जमीनच संपत होती. एकाखाली एक दऱ्या उतरत निमाडाकडे गेलेल्या, आणि पार तळाशी निळसर धुरकट काहीतरी. टोपी काढून तो उभा राहिला. खडक, दिशा, होकायंत्र, सगळं बंद. इतक्या वेळात तो प्रथमच मला बरा वाटला. पण पाय ठणकत होते, आणि ठणकणाऱ्या पायांनी माणूस फार वेळ कोणाला बरा म्हणत नाही.

"कसं वाटलं?" असं म्हणत तो शेवटी वळला. त्याची नजर माझ्या हातातल्या चपलांवर गेली, तिथून पायांवर. "हे काय? केव्हा झालं?"

"चढ सुरू झाला तेव्हा."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही माणूस ओळखायला टेकडीवर आणलंत ना? मग बघायचं होतंत. मला बघायला आलात आणि नकाशा बघत बसलात. नकाशा पसंत आहे ना? मग त्याच्याशी ठरवा."

त्या काळी बघायला आलेल्या मुलाशी असं बोलत नसत. बोलल्यावर मीच घाबरले आणि आत्याकडे पाहिलं. जबाबदार व्यक्ती एका दगडावर बसून पुऱ्यांचा डबा उघडत होती. तिनं काही ऐकलंच नव्हतं.

त्याचे कान लाल झाले. तो खाली बसला, नाल ठोकलेले बूट सोडले आणि लोकरीचे मोजे काढून माझ्यापुढे धरले. "दोन जोड आहेत, एकावर एक. दोन्ही घाला. खडे टोचणार नाहीत."

"आणि तुम्ही?"

"मला बूट आहेत."

मी मोजे घातले. ते माझ्या गुडघ्यांच्याही वर आले. त्यांत कुसळं होती, पण त्याबद्दल मी काही बोलले नाही. मग आम्ही जेवलो. त्यानं चार पुऱ्या घेतल्या, मग आणखी दोन, मग लाडू. सँडविच त्याच्या पिशवीतच राहिले. आत्यानं दोन आवळे काढले, एक चिरून तिघांना वाटला आणि दुसरा सपाट दगडावर ठेवून दिला.

"इथे देव नाही, आत्याबाई," तो थोडं चिडवत म्हणाला.

"माहीत आहे," आत्या म्हणाली. "तेच बरं वाटतंय. देव असला की काहीतरी मागावं लागतं. नाही मागितलं तर बरोबरची माणसं विचारतात, काय मागितलंस? मी वीस वर्षं देवळांत जातेय, आणि काय मागायचं ते मला ठरवता आलेलं नाही. इथे नुसतं बसता येतं."

 ती बराच वेळ निमाडाकडे तोंड करून बसली. शेवटी गाडीची वेळ झाली म्हणून आम्हीच तिला उठवलं.

उतरताना तो मागे राहिला. मी पुढे, आत्या सगळ्यांच्या पुढे, तिच्या तपकिरी बुटांत टुणटुण उड्या मारल्यासारखी. मोज्यांविना बुटांनी त्याच्या टाचा सोलल्या आणि स्टेशनवर तो पांगळ्यासारखा लंगडत आला. शेळ्यांवाली बाई तिथेच होती. तिनं आत्याला काहीतरी विचारलं आणि दोघी पोट धरून हसल्या. काय ते आत्यानं मला कधीच सांगितलं नाही.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं, "नको." आई एकदम मोकळी झाली. वडिलांना अहवाल मीच लिहिला: मुलगा निर्व्यसनी आहे, बोलायला बरा आहे, पण पुढेच बघत चालतो, मागे वळून बघत नाही. सहा दिवसांनी उत्तर आलं: 'मागे वळून न बघणे हा गुण की दोष, याचा अहवालात खुलासा नाही. खुलासा करावा.'

मी खुलासा लिहायला बसणार तोच बुधवारी संध्याकाळी तो दारात. धुतलेलं धोतर, कोट, पायांत साध्या चपला, कारण टाचा अजून बऱ्या झाल्या नव्हत्या. आई भांबावली आणि सवयीनं पोहे करायला आत गेली. तो खुर्चीवर बसला. त्याच खुर्चीवर, जिच्यावर माणूस कळत नाही.

"मोजे न्यायला आलात ना?" मी म्हटलं. "धुतलेत. कुसळं काढायला दोन दिवस लागले."

"मोजे राहू द्या," तो म्हणाला. "मी सांगायला आलो की माझं चुकलं. मला ती टेकडी कुणाला तरी दाखवायची होती. स्कॉटलंडहून परत आल्यापासून ज्याला त्याला विचारत होतो, कोणी आलं नाही. सगळे विचारायचे, वर काय आहे? तुम्ही दोघी आलात आणि मला इतका आनंद झाला, की कोण आलंय ते बघायचंच राहिलं."

असं बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आमच्याकडे पुरुषांचं चुकत असे, पण त्याचा अहवाल कोणी देत नसे.

पोहे आले. त्यानं ते नीट, हळूहळू खाल्ले आणि मला प्रश्न विचारले: कॉलेजात काय शिकता, काय वाचायला आवडतं, राग किती दिवस टिकतो? शेवटच्याचं उत्तर मी दिलं, "ते टेकडीवर अवलंबून." आत्या दारात उभी राहून ऐकत होती. ती मधेच म्हणाली, "पुढच्या रविवारी हवा बरी असेल, नाही?"

लग्न वैशाखात झालं. वडिलांनी मांडवात व्याह्यांना सांगितलं की प्रकरण मंजूर व्हायला एवढा वेळ लागला तो ग्वाल्हेरच्या टपालामुळे.

पुढची काही वर्षं आम्ही तिघं महिन्यातून एक-दोनदा तिथे जात होतो. मग मला मुलगी झाली आणि माझं जाणं थांबलं. यांचं गिरणीत काम वाढलं. एका रविवारी सकाळी आई आमच्या घरी धावत आली: वन्सं घरात नाहीत, कॅनव्हासचे बूटही नाहीत. आईचा चेहरा पाहून हे स्टेशनकडे निघालेही, पण मी त्यांना थांबवलं. आत्या दिवेलागणीला परत आली, पदरात सीताफळं बांधून. आई खूप बोलली. एकटी बाईमाणूस, जंगल, लोक काय म्हणतील. आत्यानं सगळं ऐकून घेतलं, सीताफळं परातीत मांडली आणि त्यांतलं पिकलेलं एक आईच्या हातात दिलं. पुढच्या रविवारी ती परत गेली.

आईनं शेजाऱ्यांना सांगायला कारणं शोधली. आवळीभोजन कार्तिकातच चालतं. बाकीच्या महिन्यांसाठी तिनं महूला राहणारी आत्याची एक मैत्रीण निर्माण केली आणि तिला संधिवात दिला. ती मैत्रीण इतकी वर्षं आजारी राहिली, की पलीकडच्या काकूंनी एकदा तिच्यासाठी औषधी तेलाची बाटली दिली. ते तेल आत्यानं स्वतःच्या गुडघ्यांना लावलं आणि गुण आला असं काकूंना कळवलं.

मुलगी चालू लागल्यावर, मध्ये तीन-एक वर्षं गेल्यावर, मी पुन्हा एकदा आत्याबरोबर गेले. गाडी त्या लहान स्टेशनावर थांबली. आम्ही उतरत असतानाच स्टेशनमास्तर खोलीतून बाहेर आले. त्यांच्या हातात एक तेल पाजलेली बांबूची काठी होती. आत्यानं ती घेतली, त्यांनी मान लववली.  मला नवल वाटलं ते पाहून त्यांनीच मला समजावलं.

"बाईजी की लकडी यहीं रहती है," ते म्हणाले. "घर ले जाएँगी तो घरवाले पूछेंगे ना."

आत्या तोवर रूळ ओलांडून पलीकडे पोचली होती. तिनं मागे वळून मला हातानं चल अशी खूण केली आणि गवतात शिरली.